घर सजते, पण श्वास घेते का?

गणपती गावी गेले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींमध्ये करवतीचा आणि टाइल कटरचा आवाज सुरू होतो. दसऱ्याला नव्या घराचा ताबा घ्यायचा असतो, दिवाळीच्या आत रंग पूर्ण करायचा असतो, लग्नघर असेल तर तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे चकाचक हवे असते. घोडबंदर रस्त्यावरचा तेविसावा मजला असो की डोंबिवली पूर्वेतली तीस वर्षांची चार मजली सोसायटी, चर्चा सारखीच असते. टीव्हीच्या भिंतीला कोणता पॅनेल लावायचा, छताला पीओपी करायचे की जिप्सम, ओट्याला काळा ग्रॅनाइट की पांढरा क्वार्ट्झ. मोबाइलवर जमवलेली शेदोनशे छायाचित्रे सुताराला आणि गवंड्याला दाखवली जातात.

या छायाचित्रांत एक गोष्ट दिसत नाही. ती म्हणजे हवामान. त्यातली बरीचशी घरे कोरड्या आणि थंड मुलखातली असतात. आपले घर मात्र ठाण्याच्या खाडीपासून उल्हास नदीपर्यंतच्या दमट पट्ट्यात उभे असते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरातली आर्द्रता, हे इथले वास्तव. घरही अनेकदा चारशे-पाचशे चौरस फुटांचे आणि त्यात आजीपासून नातवापर्यंत तीन पिढ्या. अशा घरात सजावटीचा प्रत्येक निर्णय हा हवेचा, ओलीचा, वजनाचा आणि प्रकाशाचाही निर्णय असतो. म्हणून सुंदर घराचा विचार जरा विज्ञानाच्या अंगाने करू या. सुरुवात पायाखालून.

फरशी: चमक किती, वजन किती?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांवरून कोसळत गेला आणि सहा जणांचा जीव गेला. फरशी बदलणे हे आपल्याकडे सर्वांत साधे काम समजले जाते. भिंत पाडायची तर लोक निदान विचारतात तरी. फरशीसाठी कुणी विचारत नाही. आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

थोडा हिशेब मांडू. निवासी इमारतीचा स्लॅब आखताना माणसे, फर्निचर, सामान यांच्यासाठी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण २०० किलो भार धरतात. भारतीय मानक ८७५ मध्ये हा आकडा दिलेला आहे. आता जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली तर काय होते? दहा मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला २२-२३ किलो भरते. तिच्याखालचा वाळू-सिमेंटचा चार सेंटिमीटरचा थर ८० किलोंच्या आसपास. म्हणजे एकूण शंभर किलो. माणसांसाठी आणि सामानासाठी राखलेल्या भारातला निम्मा वाटा नुसत्या नव्या फरशीने खाल्ला. दहा बाय बाराच्या खोलीत हे वजन ११०० किलोंहून जास्त होते. संगमरवर असेल तर त्याहून अधिक.

दुसरा धोका काम चालू असतानाचा. सिमेंटची एक गोणी ५० किलोंची. वीस गोण्या एका कोपऱ्यात रचल्या की एक टन वजन जेमतेम चौरस मीटरभर जागेवर येते. शेजारी वाळूचा ढीग आणि उखडलेल्या फरशीचा राडारोडा. त्यात ब्रेकर मशीनची थरथर. नव्या, दणकट स्लॅबला हे कदाचित पेलेल. पण आतल्या सळया गंजलेल्या जुन्या स्लॅबला पेलेलच असे नाही.

पर्याय आहेत. जुनी फरशी घट्ट असेल तर पाच-सहा मिलिमीटरच्या पातळ टाइल चिकटद्रव्याने तिच्यावर बसवता येतात. हे सारे मिळून चौरस मीटरला वीसेक किलोंतच भागते. एकमेकांत अडकवायच्या व्हिनाइल पट्ट्या याहून हलक्या. जुनी फरशी काढायचीच असेल तर राडारोडा रोजच्या रोज खाली न्यावा आणि साहित्य लागेल तसे थोडे थोडे वर आणावे. बाल्कनीत तर जड काही नकोच. ती भिंतीतून पुढे आलेली असते, तिच्या टोकावर भार वाढला की मुळाशी ताण वाढतो. बाल्कनीत विटांचा कट्टा बांधून, माती भरून बाग करणे छायाचित्रात छान दिसते, पण प्लास्टिकच्या हलक्या कुंड्याच बऱ्या.

चमकेबद्दलही एक शब्द. आरशासारखी चकचकीत टाइल पाण्याच्या चार थेंबांनी निसरडी होते. वयस्कांमध्ये खुब्याचे हाड मोडण्यामागे घरातले पडणे हे मोठे कारण असते. बैठकीच्या खोलीत चमक हवी तर ठेवा. न्हाणीघर, मोरी, ओट्यापुढची जागा आणि आजी-आजोबांच्या खोलीपासून संडासापर्यंतची वाट इथे मात्र खरखरीत, मॅट फरशीच घाला.

लाकूड: नव्या कपाटाचा वास

नवे कपाट उघडले की डोळे चुरचुरतात, घशात खवखवते. ‘नव्याचा वास आहे, जाईल,’ असे आपण म्हणतो. या वासातला एक मोठा भागीदार आहे फॉर्माल्डिहाइड. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटलीत बेडूक ज्या द्रावणात ठेवलेला असे, ते फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला हाच वायू.

तो कपाटात कसा येतो? प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे डिंकाने एकमेकांना चिकटवलेले. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा डिंकात दाबून केलेला तक्ता. स्वस्त मालात हा डिंक बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. त्याचे रासायनिक बंध उष्णतेने आणि ओलाव्याने सुटत जातात आणि वायू बाहेर पडत राहतो. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्याचा उकाडा आणि जुलैची दमट हवा दोन्ही त्याला पोषक. उत्सर्जन पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते, पण ते पुढेही मंदपणे चालू राहते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम अशी सुचवली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने चाकांवरची तयार घरे दिली. लहान जागा, भरपूर दाबीव लाकूड, बंद खिडक्या आणि लुइझियानाची दमट उष्ण हवा. रहिवाशांनी डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास अशा तक्रारी सुरू केल्या. पुढे ५१९ घरांची तपासणी झाली तेव्हा फॉर्माल्डिहाइडची सरासरी पातळी सर्वसाधारण घरांहून बरीच जास्त निघाली. आपल्या वातानुकूलित, चहूबाजूंनी कपाटे ठोकलेल्या दहा बाय दहाच्या बेडरूमची या घराशी तुलना करून पाहावी.

याचा अर्थ प्लायवुड वापरूच नये असा नाही. मात्र दुकानात, मग ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले असो की मॉलमधले, रंग आणि डिझाइनच्या आधी आत कोणता तक्ता आहे हे विचारावे. ‘एमआर’ म्हणजे फक्त थोडाफार ओलावा सोसणारे प्लाय. ते पाणी सोसत नाही आणि त्यात बहुधा युरियाचाच डिंक असतो. ‘बीडब्ल्यूपी’, म्हणजे भारतीय मानक ७१० चे प्लाय, फिनॉलच्या डिंकाने बनते. ते महाग, पण पाण्याला टिकते आणि वायूही फार कमी सोडते. तयार बोर्डावर ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असे लिहिलेले असेल तर ते कमी उत्सर्जनाचे वर्ग आहेत.

सुताराला सांगायची गोष्ट आणखी साधी. वायू सर्वाधिक निसटतो तो तक्त्याच्या उघड्या कापलेल्या कडांतून आणि आतल्या कोऱ्या बाजूंतून. बाहेर महागडा सनमायका लावायचा आणि कपाटाची आतली बाजू, फळ्यांच्या मागच्या कडा कोऱ्या ठेवायच्या, ही आपल्याकडची जुनी काटकसर आहे. दोन्ही बाजूंनी सनमायका आणि सगळ्या कडांना पट्टी लावून घ्या. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे कपाटांची दारे उघडी ठेवून, पंखे लावून घर हवेशीर राहू द्या. तान्हे बाळ यायचे असेल तर त्याची खोली महिना-दोन महिने आधीच तयार करावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फर्निचर कमी करणे.

कपाट बंद झाले की त्यात डांबराच्या गोळ्या पडतात. त्यातले नॅफ्थलिन हवेत मिसळते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात आणि कावीळ होऊ शकते. बाळाची दुपटी, झबली आणि स्वेटर या गोळ्यांसोबत ठेवू नयेत. कडक ऊन दाखवून ठेवलेले कपडे पुरेसे टिकतात.

भिंत: रंगाआधी ओल

भिंतीचा रंग माणसाला आजारी पाडू शकतो हे जगाला एकोणिसाव्या शतकातच कळले होते. त्या काळी युरोपात गर्द हिरव्या वॉलपेपरची लाट आली होती. तो हिरवा रंग आर्सेनिकपासून, म्हणजे सोमलापासून बनत असे. इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ या संशोधकाने १८९०च्या दशकात दाखवले, की ओलसर भिंतीवर वाढणारी बुरशी या रंगातून आर्सेनिकयुक्त विषारी वायू तयार करू शकते. विष रंगात होते, पण त्याला वाट मिळाली ती ओलीतून.

आपल्याकडे तो हिरवा रंग गेला. शिसे मात्र बराच काळ राहिले. दारे, खिडक्यांच्या चौकटी, ग्रिल यांना लावायच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. २०१६मध्ये केंद्र सरकारने नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक असण्यास बंदी आली. त्याआधी रंगवलेल्या चौकटी आजही हजारो घरांत आहेत. रंगारी त्या कोरड्या पॉलिश पेपरने घासतो तेव्हा ते शिसे धूळ होऊन फरशीवर बसते. रांगणारे मूल त्या फरशीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते आणि त्याची कोणतीही ‘सुरक्षित पातळी’ माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुन्या ऑइल पेंटचे घासकाम ओले करून घ्यावे, त्या दिवसांत लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना घराबाहेर ठेवावे, धूळ झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. रंगाऱ्यालाही मास्क द्यावा. त्याला हे काम रोज करायचे असते.

आता ओल. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंतींवर पावसाचा मारा सर्वाधिक. बाहेरच्या गिलाव्यातल्या चिरांतून पाणी आत येते आणि आतल्या रंगाला पोपडे धरतात. मग दरवर्षी लांबी भरायची, वर महागडा प्लास्टिक पेंट मारायचा आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. पाणी न जिरवणारा रंग ओल थांबवत नाही, ती भिंतीत कोंडून ठेवतो. पीव्हीसी पॅनेल आणि वॉलपेपर त्याहून पुढचे: ते ओल नजरेआड करतात. वॉलपेपरचा कागद आणि त्यामागची खळ हे बुरशीचे अन्नच आहे. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा, खोकला, श्वासात घरघर यांचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले आहे. दरवर्षी पावसाळ्यात मुलाचा खोकला लांबत असेल तर औषधाबरोबर त्याच्या पलंगामागची भिंतही तपासावी.

भिंत सुकली आहे की नाही हे पाहण्याची एक घरगुती चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, किंवा भिंत गडद झाली, तर तिच्यावर रंग लावण्याची वेळ आलेली नाही. आधी बाहेरच्या चिरा, वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, गच्चीची गळती यांचा बंदोबस्त करावा. खरे तर दिवाळीपूर्वीचा काळ भिंतींसाठी घाईचा असतो, कारण पाऊस नुकताच संपलेला असतो. ओलसर घरांनी रंग जानेवारी-फेब्रुवारीत काढावा हे उत्तम.

सजावटीत सध्या चुन्याचा गिलावा आणि चुन्याच्या मऊसर छटा पुन्हा आल्या आहेत. ही फॅशन इथल्या हवेला मानवणारी आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. कोकणातल्या घरांना दरवर्षी गणपतीआधी चुना काढण्यामागे केवळ पांढरेपणाची हौस नव्हती. आणखी एक सोपी गोष्ट: बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवायचे असेल तर मध्ये दोन इंच हवा खेळू द्यावी.

छत: काय लपवतो आपण?

सोसायट्यांच्या फ्लॅटमध्ये छत साधारण नऊ फुटांवर असते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीसाठी किमान उंची २.७५ मीटर सांगितली आहे ती हीच. त्यातून फॉल्स सीलिंग सहा-आठ इंच घेते. पंखा आणखी खाली येतो आणि उकाड्यात वर साचणारी गरम हवा डोक्याच्या जवळ येते.

पण खरी काळजी वेगळी आहे. स्लॅबमधल्या सळया गंजल्या की त्यांचे आकारमान कित्येक पट वाढते, काँक्रीटला आतून तडे जातात, तांबूस डाग दिसतात, छोटे टवके पडू लागतात. हे स्लॅबने दिलेले इशारे असतात. शेवटच्या मजल्यावर गच्ची गळत असेल, किंवा वरच्या घरातले न्हाणीघर पाझरत असेल, तर ते इशारे फॉल्स सीलिंगच्या मागे लपतात. वरून एलईडीच्या पट्ट्या उजळलेल्या आणि आत गंज सुरू. महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशा वर्गवार याद्या निघतात. आपली इमारत तिशीला टेकली असेल तर छत सजवण्याआधी तो अहवाल मागा. सजावट करायचीच तर कडेकडेने करा, मधला स्लॅब उघडा राहू द्या. पूर्ण छत झाकले तर निदान आत डोकावण्यासाठी उघडणारी चौकट ठेवा.

दिव्यांचेही एक शास्त्र आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्यांचे काम वस्तू पाहणे नसून दिवस-रात्र ओळखणे हे असते. २००२मध्ये त्यांचा उलगडा झाला. निळसर पांढरा प्रकाश त्यांना ‘अजून दिवस आहे’ असे सांगतो आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिन संप्रेरकाचे स्रवणे लांबते. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार. स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा प्रकाश चालेल. झोपायच्या खोलीत आणि रात्री साडेआठ-नऊनंतर सगळीकडेच पिवळसर, मंद दिवे बरे. उलट साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उरतो. त्यामुळे आजोबांच्या वाचनाच्या खुर्चीशेजारी छतातल्या पाच शोभेच्या दिव्यांऐवजी एक चांगला, जवळचा दिवा हवा.

खिडकी: हवा, वास आणि काच

बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा करणे ही आपल्याकडची लाडकी सजावट. त्यात घराचे फुप्फुस जाते. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो; त्यातही जाळी, जाड पडदे आणि खिडकीपुढे मांडलेला सोफा. बेडरूमचा एसी तर बाहेरची हवा आत आणतच नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२५ भागांच्या आसपास असतो. दोन-तीन माणसे बंद खोलीत रात्रभर झोपली की तो सहज दोन हजारांच्या पुढे जातो. सकाळी जड डोक्याने उठण्यामागे हेही कारण असू शकते. झोपण्यापूर्वी खोली मोकळी करून घ्यावी आणि दरवाजा किंवा खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी.

‘हवा शुद्ध करणाऱ्या’ कुंड्या घेतल्या म्हणून हे टळत नाही. १९८९मध्ये नासाच्या प्रयोगात काही झाडांनी हवेतली रसायने शोषली होती, पण ती बंद पेटीत. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला गेला. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर प्रत्येक चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील असा त्याचा निष्कर्ष होता. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट डोळ्यांना गारवा देतात, तेवढ्यासाठी जरूर ठेवा. मात्र ताटल्यांत पाणी साचू देऊ नका; डेंग्यूचा डास तेवढ्याच पाण्यात वाढतो.

डोंबिवलीकर इथे एक रास्त शंका काढतील: खिडकी उघडली आणि एमआयडीसीचा वास आत आला तर? फेब्रुवारी २०२०मध्ये जिथला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. उत्तर वेळेत आहे. ज्या वेळी वास येतो त्या वेळी खिडकी बंद, बाकीच्या वेळी उघडी. चोवीस तास बंद ठेवणे हे उत्तर नाही, कारण आतल्या रसायनांना मग बाहेर जायला वाट राहत नाही.

याच भागात काचेचाही विचार हवा. मे २०१६ आणि मे २०२४ या दोन्ही वेळी एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या आणि रहिवासी जखमी झाले. पूर्ण भिंतभर काच, काचेचे पार्टिशन, पलंगाच्या डोक्याशी मोठा आरसा हवा असेल तर साधी काच नको. टफन्ड काच फुटली तर बोथट, बारीक तुकडे होतात. लॅमिनेटेड काच फुटूनही चौकटीत धरून राहते. आहेत त्या काचांना सुरक्षा फिल्म लावता येते. आणि खिडकीच्या पेटीसारख्या लोखंडी ग्रिलला आतून उघडणारी एक चौकट ठेवाच. आग लागल्यावर तीच एक वाट उरू शकते.

ओटा: झाकलेला गॅस

मॉड्युलर स्वयंपाकघरात गॅसची नळी आणि मीटर दिसू नये असा आग्रह असतो. पण गॅस कोणता यावर धोका ठरतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो गळला तर ओट्याखालच्या कपाटात, जमिनीलगत साचतो. म्हणून त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोके हवीत. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, वर चढतो आणि वरच्या कपाटात, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जमतो. त्याला वाट वरून हवी. पाइपलाइन भिंतीत गाडू नये, बंद करण्याची कळ फर्निचरमागे अडकवू नये, आणि काही हलवायचे असेल तर ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच.

चिमणी घेताना एकच विचारा: हवा बाहेर जाते की गाळून परत खोलीत येते? दुसऱ्या प्रकारची चिमणी तेलकटपणा धरते, ज्वलनाचे वायू मात्र घरातच ठेवते. फोडणीचा धूर आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर काढायला नळी भिंतीबाहेर गेलेली असणे आवश्यक. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर सजावटीसाठी तिथली झडपांची खिडकी बंद करणे जिवावर बेतू शकते. कोंडलेल्या जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो.

काम सुरू करण्यापूर्वी

ठेकेदाराशी बोलताना या सहा गोष्टी कागदावर घ्याव्यात. एक, इमारतीचे वय आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल. दोन, फरशी, भिंत किंवा बाल्कनीला हात लावायचा असेल तर अभियंत्याचे मत आणि सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी. तीन, ओलीचा उगम सापडला आणि बंद झाला का. चार, प्लायचा दर्जा बिलावर लिहून आणि सगळ्या कडा बंद. पाच, काम झाल्यावर प्रत्येक खोलीत उघडणारी खिडकी किती उरते. सहा, टाइल कापताना पाणी वापरणार ना; कोरड्या कापण्याने उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या आणि घरच्यांच्या फुप्फुसात कायमची बसते.

आणि क्रमही लक्षात ठेवावा. पैसे बहुतेकदा उलट्या क्रमाने खर्च होतात: आधी टीव्हीची भिंत, मग छत, मग फरशी, आणि गळती दुरुस्त करायला शेवटी काही उरत नाही. आधी स्लॅब आणि गळती, मग हवा आणि गॅस, मग लाकूड आणि रंग, आणि शेवटी शोभा, असा क्रम ठेवला तर हौस थोडी उशिरा पूर्ण होईल. पण तिसऱ्या मजल्यावरच्या घराची फरशी हे दुसऱ्या मजल्यावरच्या घराचे छत असते. आपण आपले घर सजवतो तेव्हा शेजाऱ्याच्या डोक्यावरही काम चालू असते, एवढे भान सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाने ठेवायला हवे.